मांजराच्या कानातला थेंब: शुगर तपासणी घरी कशी आली

या भागाचा विषय ग्रुपवर टाकला तेव्हा पहिला रिप्लाय आला तो हसण्याचा. विषय असा आहे: मधुमेह झालेल्या मांजराच्या रक्तातली साखर घरच्या घरी तपासणे. "इथं माणसाला डॉक्टर मिळंना आन् हा मांजराची शुगर काढायलाय," असं एका मित्रानं लिहिलं. मित्र नांदेडचाच आहे, त्यामुळे टोमणा घरचाच. पण त्याच्या टोमण्यात एक खरा प्रश्न आहे आणि आजचा भाग त्याच प्रश्नावर आहे.

रक्तातल्या साखरेचा आकडा कुणी बघायचा, कुठं बघायचा आणि कुणाचा बघायचा, याचा एक इतिहास आहे. हा आकडा आधी प्रयोगशाळेत होता. मग दवाखान्यात आला, मग पेशंटच्या घरी आला आणि सगळ्यात शेवटी मांजराच्या कानापर्यंत पोचला. दर टप्प्यावर कुणीतरी म्हणालं, की हे घरच्या माणसांचं काम नाही. आणि तो आकडा घरीच का हवा, हे सगळ्यात स्पष्ट कळतं ते मांजराच्याच उदाहरणात. म्हणून आज मांजर.

मुंग्यांपासून सुरुवात

मधुमेहाची सगळ्यात जुनी तपासणी मुंग्यांनी केलेली आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांमध्ये मधुमेह आहे आणि रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धाव घेतात हे निरीक्षणही आपल्या जुन्या वैद्यकात नोंदलेलं आहे. ना यंत्र, ना रसायन. मुंगीला साखर कळते, तेवढ्यावर निदान. युरोपात थॉमस विलिस या इंग्रज वैद्यानं सतराव्या शतकात लघवीच्या गोड चवीबद्दल लिहिलं. १७७६ साली मॅथ्यू डॉब्सननं लिव्हरपूलमध्ये लघवी आटवून दाखवलं, की मागं जे उरतं ती साखरच आहे. पुढं त्यानं असंही लिहिलं, की ही गोडी रक्तातही असते. म्हणजे साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती आधीपासून रक्तात असते.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष बघितलं ते लातूरला, माझ्या मावशीच्या बाथरूममध्ये.

मावशीकडे भुऱ्या नावाचा बोका आहे. वय नऊ, ऑपरेशन झालेलं, वजन साडेसहा किलो. दिवसभर कूलरसमोर पडून राहायचा आणि संध्याकाळी वाटी वाजली की यायचा. मागच्या उन्हाळ्यात तो खूप पाणी प्यायला लागला. उन्हाळा लातूरचा, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मग पोटभर खाऊनही तो वाळायला लागला. आणि एक दिवस मावशीचा फोन आला: "अरे, ह्याच्या वाळूच्या पाटीला मुंग्या लागायल्यात. असं कधीच नव्हतं बघ." मावशीनं चरक वाचलेला नाही. पण तिच्या सासऱ्यांना शुगर होती आणि मोरीत मुंग्या दिसल्या की घरात काय बोलतात, ते तिनं ऐकलेलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीची तपासणी लातूरच्या एका घरात बरोबर लागू पडली.

गंमत बघा, मांजराला गोड चव कळतच नाही. २००५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की गोड चव ओळखायला जिभेवर जे दोन प्रथिनांचं जोडकाम लागतं, त्यातल्या एकाचं जनुक मांजरवर्गात निकामी झालेलं आहे. वाघ असो की भुऱ्या, पेढा त्यांच्या लेखी बेचव. जे जनावर गोड ओळखत नाही, त्यालाच गोडाच्या नावाचा रोग होतो. आणि होतो तो बराचसा माणसाच्या टाइप टू मधुमेहासारखा: मध्यम वय, वाढलेलं वजन, घरात बसून राहणं, आणि इन्सुलिन असूनही शरीरानं त्याला दाद न देणं. ऑपरेशन झालेल्या बोक्यांमध्ये तो जास्त दिसतो. भुऱ्या प्रत्येक रकान्यात बसत होता.

निळ्याचं विटकरी

आमच्याकडे अकरावी-बारावी लातूरला करणं म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्यांना समजावणं अवघड आहे. 'लातूर पॅटर्न'मध्ये प्रॅक्टिकलसुद्धा पाठ असायचं. त्यातलं एक अजून आठवतं: परीक्षानळीत निळं बेनेडिक्टचं द्रावण घ्यायचं, थोडे थेंब नमुना टाकायचा, उकळायचं. साखर नसेल तर निळंच राहतं. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी आणि खूप असेल तर विटकरी लाल. मार्कांसाठी केलेला हा प्रयोग म्हणजे कित्येक दशकं डायबेटीसच्या पेशंटचा रोजचा दिनक्रम होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

स्टॅन्ले बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं हे द्रावण १९०८च्या सुमारास आणलं. तपासणी घरी येण्याची ही पहिली पायरी. १९४१मध्ये अमेरिकेत क्लिनिटेस्ट नावाची गोळी निघाली. ती लघवीच्या थेंबांत टाकली की स्वतःच्याच उष्णतेनं उकळायची, त्यामुळे दिव्याची गरज संपली. आपल्याकडे मुंबईत १९५५ साली डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. त्या काळच्या पेशंटच्या हातात घरी होती ती हीच रंगांची भाषा.

पण या भाषेत एक मोठी अडचण होती. लघवी उशिरा बोलते. माणसाच्या रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली, की मगच मूत्रपिंडं ती बाहेर सोडायला लागतात. मांजरात ही हद्द आणखी वर, २७०च्या आसपास असते. म्हणजे मुंग्या लागेपर्यंत साखर बरीच चढलेली असते. आणि साखर खाली घसरली, जीव धोक्यात आला, तर निळं द्रावण निळंच राहतं. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर ज्या बाजूचा बिघाड जिवावर बेततो, नेमक्या त्याच बाजूला हा सेन्सर आंधळा आहे.

कुत्रा, ससा आणि मुलगा

या रोगाचं ज्ञान आपल्याला जनावरांनी दिलं, हेही विसरायला नको. १८८९मध्ये स्ट्रासबर्गला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. रोगाचं मूळ कुठं आहे, हे तिथं कळलं. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन मिळवलं. जेम्स कॉलिपनं ते शुद्ध केलं, आणि जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते टोचलं गेलं.

कॉलिपचं काम मला विशेष वाटतं. अर्क किती तेज आहे, हे तो सशांवर तपासायचा. सशाला अर्क टोचायचा आणि रक्तातली साखर किती उतरली ते मोजायचं. इन्सुलिनचं 'युनिट' हे माप सुरुवातीला ठरलं ते सशाच्या रक्तातल्या साखरेवरूनच. आज मेडिकलमध्ये आपण 'दहा युनिट' म्हणतो, त्या शब्दामागं ससा आहे. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीसुद्धा जनावराची शुगर मोजली जात होती. फक्त ती जनावरासाठी मोजली जात नव्हती.

एक इंजिनिअर आणि दीड किलोचं यंत्र

आता रक्ताकडे येऊ. १९६५च्या सुमारास एम्स या अमेरिकी कंपनीनं डेक्स्ट्रोस्टिक्स नावाची पट्टी आणली. रक्ताचा थेंब टाकायचा, एक मिनिट थांबायचं, धुवायचं आणि निळ्या रंगाची छटा तक्त्याशी जुळवायची. छटा डोळ्यानं ओळखणं कठीण, म्हणून १९७०च्या सुमारास त्याच कंपनीनं छटा मोजणारं यंत्र काढलं. ते काढलं दवाखान्यांसाठी. रात्री बेशुद्ध माणूस आणला, लॅब बंद आहे, तर हा दारू प्यालेला आहे की शुगरमुळे पडलाय, हे ओळखायला.

रिचर्ड बर्नस्टाइन नावाचा एक इंजिनिअर होता. बाराव्या वर्षापासून त्याला टाइप वन मधुमेह. त्यानं या यंत्राची जाहिरात बघितली. वजन दीड किलोच्या जवळपास, किंमत साडेसहाशे डॉलर. कंपनीनं विकायला नकार दिला, कारण यंत्र फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटलांसाठी होतं. बर्नस्टाइनची बायको डॉक्टर होती. तिच्या नावानं यंत्र मागवलं आणि हा गृहस्थ दिवसातून पाच-सहा वेळा स्वतःची शुगर मोजायला लागला. काय खाल्लं की किती चढते, किती इन्सुलिननं किती उतरते, याच्या नोंदी ठेवल्या. आमच्या धंद्यात याला 'लॉग बघणं' म्हणतात. लॉग न बघता सिस्टीम दुरुस्त करायची नसते, हे आम्हाला पहिल्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. त्याच्या तब्येतीत फरक पडला. त्यानं लेख लिहिले, पण वैद्यकीय नियतकालिकांनी ते घेतले नाहीत. तेव्हा हा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी मेडिकल कॉलेजात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन तेच सांगू लागला.

तो एकटाच नव्हता. १९७८ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांच्या दोन गटांनी, पेशंट घरी रक्त तपासू शकतात आणि त्यानं शुगर जास्त आटोक्यात राहते, असं प्रसिद्ध केलं. १९८७मध्ये पेनाएवढं मीटर आलं. ते रंग बघत नव्हतं, विजेचा प्रवाह मोजत होतं. त्यामागची कल्पना लेलँड क्लार्कची, १९६२ची: साखरेवर काम करणारं एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवायचं. १९९३मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या, कित्येक वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निकाल आला. टाइप वनच्या रुग्णांनी वारंवार तपासून साखर काटेकोर ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडं आणि नसा यांचं नुकसान कमी होतं. त्यानंतर 'घरी तपासू नका' म्हणणारं कुणी फारसं उरलं नाही.

निदान माणसांच्या बाबतीत तरी.

ज्याला बाजार नाही असं जनावर

जनावरांच्या वैद्यकाचा इतिहास वेगळ्या रस्त्यानं गेला. इंग्रजांनी आपल्याकडे पशुवैद्यक आणलं ते आधी लष्कराच्या घोड्यांसाठी. मग बुळकांडीनं गुरं मरायला लागली, तेव्हा १८८९ साली पुण्यात इम्पीरिअल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुढं ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, पण जनावरांचं गणित सगळीकडे एकच: घोडा युद्धाचा, बैल शेताचा, म्हैस दुधाची.

यात चूक काही नव्हती. आमच्या भागाची ओळखच गुरांनी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारची लाल कंधारी, लातूर जिल्ह्यातल्या देवणीची देवणी. गावांची नावं जातींना लागलेली आहेत. लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथं घोडे, गाढवं, उंट, बैल, सगळ्यांचा बाजार असतो. दात बघून वय ठरतं, चाल बघून किंमत ठरते. जनावराला किंमत असली, की त्याच्या आजारालाही किंमत येते. डॉक्टर येतो, लस येते, सरकार योजना काढतं.

मांजराला बाजार नाही. आमच्याकडे मांजर कुणी विकत घेत नाही, ते आपणहून येतं. गल्लीत व्यायलेल्या मांजरीचं एक पिल्लू घरात राहतं आणि घरचं होतं. भुऱ्यासुद्धा असाच आला, गंजगोलाईजवळच्या एका दुकानाच्या शटरखालून. मला वाटतं, मांजराचं वैद्यक उशिरा आलं त्यामागं हे एक मोठं कारण असावं. ज्याची पावती फाडता येत नाही, त्याच्यावर किती खर्च करायचा, याचा हिशेब समाजाकडे नसतो. तो हिशेब एकेका घरात होतो.

माझ्या मित्राचा टोमणा इथं येऊन थांबतो. "माणसाला डॉक्टर मिळंना" हे खरंच आहे. पण मावशीच्या घरात भुऱ्यासाठी गेलेली पट्टी कुणा माणसाच्या वाट्याची नव्हती. तो खर्च मावशीच्या पेन्शनमधला होता आणि तो कुणावर करायचा, हे तिचं तिनं ठरवलेलं होतं.

घाबरलेल्या मांजराचा आकडा

आता मुख्य गोष्ट. मांजराची शुगर घरीच का?

मांजर घाबरलं की त्याच्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. माणसातही हे होतं, पण मांजरात फार जोरात होतं. पिशवीत कोंबलं, रिक्षात बसवलं, दवाखान्यात शेजारी कुत्रं भुंकलं, दोघांनी धरून पायातून रक्त काढलं, की धडधाकट मांजराची शुगरसुद्धा ३००च्या घरात जाऊ शकते. म्हणजे दवाखान्यात मिळालेला आकडा बघून रोग किती आणि भीती किती, हे सांगता येत नाही. प्रोग्रामिंगमध्ये असा एक बग असतो: डीबगर लावला की प्रोग्रामचं वागणंच बदलतं. बघणाऱ्याच्या बघण्यानंच गोष्ट बदलते. मांजराची शुगर तशी आहे.

यावर एक उपाय फ्रुक्टोसामाइन नावाच्या चाचणीचा आहे. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. निदानाला ती उपयोगी पडते. पण आज सकाळी इन्सुलिन द्यायचं की नाही, हे सरासरी सांगत नाही.

घरी तपासायचं तर रक्त काढायचं कुठून? मांजराचं बोट आपल्यासारखं पुढं करता येत नाही. २००० साली झुरिक विद्यापीठातल्या वेस आणि रॉइश या दोन पशुवैद्यांनी कुत्र्या-मांजरांच्या कानातून थेंब काढून छोट्या मीटरवर तपासण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कानाच्या कडेनं एक बारीक शीर जाते. कान ऊबदार केला की ती फुगते. तिथं टोचलं की थेंब येतो आणि मांजराला ते फारसं दुखत नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याच गटानं दाखवलं, की बहुतेक मालक हे घरी शिकतात आणि नीट करतात. मला सशाची आठवण झाली. प्रयोगशाळांत सशाचं रक्त घ्यायची नेहमीची जागा कानाची कडच आहे. जे ज्ञान जनावरांवर मिळवलं, ते ऐंशी वर्षांनी जनावरांकडे परत आलं.

याला आणखी एका गोष्टीची मदत झाली. जुन्या पट्टीला टपोरा थेंब लागायचा. नव्या मीटरना अर्ध्या मायक्रोलिटरच्या आसपास रक्त पुरतं. मांजराच्या कानातून तेवढंच येतं.

लातूरची वही

भुऱ्याला बघणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं: "मावशी, इथं आणलं की ह्याची शुगर चढणारच. मला घरचा आकडा द्या." त्या दिवशी दवाखान्यात आकडा होता ४१२. दोन दिवसांनी घरी, मावशीच्या मांडीवर, ३०५. रोग होताच. पण मधले शंभर पिशवीचे आणि रिक्षाचे होते.

मावशीची पद्धत सांगतो. जुन्या मोज्यात मूठभर ज्वारी भरून गाठ मारलेली आहे. ती तव्यावर कोमट करायची, आधी आपल्या गालाला लावून बघायची, मग भुऱ्याच्या कानाला मिनिटभर धरायची. कानामागं कापसाचा बोळा, म्हणजे सुई आरपार जाऊन आपल्या बोटात शिरत नाही. खिडकीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे उजेडात शीर दिसते. टोचायचं, पट्टी थेंबाला लावायची, कापसानं दाबायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. पहिल्या आठवड्यात तीनदा थेंब आलाच नाही, दोनदा भुऱ्या कपाटावर. तिसऱ्या आठवड्यात तव्याचा आवाज आला की तो स्वतःच मांडीवर येऊन बसायचा, अर्थात चिकनसाठी.

इथं दोन तांत्रिक गोष्टी सांगायलाच हव्यात, कारण यात जीव जाऊ शकतो.

पहिली मीटरची. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा लाल पेशींमध्ये असतो. मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर रक्तद्रवात असते. माणसासाठी जुळवलेलं मीटर माणसाचंच प्रमाण धरून आकडा देतं, त्यामुळे मांजराचा आकडा सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. जनावरांसाठी वेगळी जुळवणी केलेली मीटर मिळतात, पण त्यांच्या पट्ट्या महाग आणि लातूरच्या मेडिकलमध्ये सहज नसतात. मावशी साधं मीटर वापरते, मात्र ते कोणतं हे डॉक्टरांना माहीत आहे आणि मीटर बदलायचं नाही असं ठरलेलं आहे. एकच चुकणारं घड्याळ चालतं. रोज वेगळं चुकणारं चालत नाही.

दुसरी सिरिंजची. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही मोठ्या प्रमाणावर यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असतं. पेनमधलं आणि बरंचसं नवं इन्सुलिन यू-१००, त्याच्या सिरिंजला नारिंगी टोपण. यू-१०० इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच रेघेपर्यंत भरलं, तर डोस अडीचपट होतो. भुऱ्याचा डोस होता एक युनिट, दिवसातून दोनदा. एवढ्या छोट्या जिवाला अडीच युनिट म्हणजे काय, विचार करा. १९९९ साली नासाचं एक यान मंगळापाशी नष्ट झालं, कारण एका टीमचा आकडा पौंडात होता आणि दुसरीनं तो न्यूटन धरला होता. आम्हाला कॉलेजात हे उदाहरण शिकवतात. ते शिकायला मंगळापर्यंत जायची गरज नाही, गल्लीतलं मेडिकल पुरतं. म्हणून मावशीनं फ्रिजच्या दारावर लाल टोपण चिकटवून ठेवलंय. "ह्याच रंगाचं घ्यायचं," एवढंच त्याखाली लिहिलंय.

आणि ती वही. दुधाच्या हिशेबाची होती, त्यातच मागच्या पानापासून रकाने आखले: तारीख, वेळ, आकडा, डोस, खाल्लं का. डॉक्टरांनी खाणं बदललं, दूध-पोळी बंद केली, मांसाचं प्रमाण वाढवलं. तीन महिन्यांनी वहीतले आकडे उतरायला लागले. ३०५, २६०, २१०, १४०. आणि एका सकाळी आकडा आला ७२.

आता ऐका. मांजराच्या मधुमेहाची एक खासियत आहे. लवकर आणि नीट उपचार झाले, तर काही मांजरांचं स्वादुपिंड सावरतं आणि इन्सुलिन बंद करता येतं. ही आनंदाची बातमी आहे, पण सगळ्यात धोक्याची वेळही तीच. शरीर स्वतःचं इन्सुलिन पुन्हा बनवायला लागलेलं असतं आणि आपण जुनाच डोस देत राहतो. साखर कोसळते, मांजर लडबडतं, झटके येतात, दगावू शकतं. दवाखान्यातल्या महिन्याच्या भेटीत हे कळलं नसतं. तिथं तर भीतीनं आकडा फुगलेलाच असतो. 'अजून जास्त आहे, डोस वाढवा' असंच कुणालाही वाटलं असतं. म्हणजे चुकीच्या जागी घेतलेल्या खऱ्या आकड्यानं बरं होत आलेलं मांजर मेलं असतं.

मावशीनं ७२ बघितलं, सिरिंज खाली ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आज देऊ नका. खायला घाला, दोन तासांनी परत बघा." तिनं परत बघितलं: ९५. त्या दिवसापासून डोस उतरवत नेला आणि पाचव्या महिन्यात बंद केला. आता आठवड्यातून एकदा ज्वारीचा मोजा तव्यावर येतो. रोग परत येऊ शकतो, म्हणून वही चालू आहे. ग्लुकोजची पुडी ओट्यावर असते. मांजर लडबडलं तर पाणी करून हिरड्यांना चोळायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा, हे घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

एक गोष्ट राहिली. मीटर आलं कुठून? ते विकत आणलेलं नव्हतं. मावशीला स्वतःला चार वर्षांपासून शुगर आहे. तिच्या मुलानं पुण्याहून मीटर आणून दिलं होतं आणि ते कपाटात, साड्यांच्या खाली, सील न फोडता पडलं होतं. "मला काय व्हायलंय?" हे तिचं उत्तर. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या किती घरांत असं न उघडलेलं खोकं असेल, याचा अंदाज तुम्ही आपापल्या घरावरून बांधा. बर्नस्टाइनला जे यंत्र बायकोच्या नावावर मिळवावं लागलं, ते आमच्या कपाटात फुकट पडून होतं. यंत्र घरी येणं एक आणि आकडा घरी येणं दुसरं.

मावशीनं सील फोडलं ते भुऱ्यासाठी. आता वहीत दोन रकाने आहेत. एकावर 'भु' लिहिलंय, दुसऱ्यावर 'मी'. मागच्या रविवारी फोनवर तिनं दोन्ही वाचून दाखवले आणि म्हणाली, "त्याची माझ्यापेक्षा बरी हाय की रे."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मांजराला किंवा कुत्र्याला शुगर असेल, तर डोस आपल्या मनानं बदलू नका, पण आकडा घरी घ्यायला शिकवा असं डॉक्टरांना जरूर सांगा. आणि कपाटात साड्यांखाली एखादं खोकं असेल, तर आज बाहेर काढा. पट्ट्यांची तारीख तेवढी बघून घ्या. भेटू पुढच्या भागात.